चकव्याची खुर्ची

टायरच्या जुन्या गोदामात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. टायर केव्हाच विकले गेले होते, पण रबराचा वास भिंतींनी धरून ठेवला होता. त्यावर आता गुलाबाचं अत्तर शिंपडलेलं, त्यामुळे आत पाऊल टाकणाऱ्याला पंक्चरच्या दुकानात कुणाचं तरी लग्न लागतंय असं वाटे. मधोमध लाकडी चौथरा होता. चौथऱ्यावर लाल मखमलीत गुंडाळलेली एक खुर्ची होती आणि खुर्चीत चौकातला किराणा दुकानदार बसला होता. त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती, कानांत कापसाचे बोळे होते आणि दोन्ही हात मांडीवर होते. एरवी सुट्ट्या पैशांवरून अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस खुर्चीत मात्र गरीब गाय होऊन बसला होता.

पट्टशिष्य खुर्ची हळूहळू फिरवत होता. पाळणा हलवावा तशी, एका चालीत, न थांबता. मग त्यानं ती अलगद थांबवली आणि दोन पावलं मागे सरकून हात वर केले, म्हणजे खुर्चीला कुणाचाच स्पर्श नाही हे सगळ्यांना दिसावं.

"फिरतोय," दुकानदार ओरडला. "मी उलटा फिरतोय! कोण फिरवतंय मला?"

खुर्ची ढिम्म होती. एक बोटभरही हलत नव्हती. गर्दीतून आवंढे गिळल्याचे आवाज आले आणि व्यासपीठावरून दिशामहाराज उठले.

"कुणीही फिरवत नाही," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज तुपात तळल्यासारखा होता. "तुमच्या टाळूवर चकवा बसलाय. आयुष्यभर तो तुमच्याभोवती सुतासारखा गुंडाळत गेला. आता तो उलटा उलगडतोय. तुम्ही वाट चुकत नाही, भक्तहो, वाट तुम्हाला चुकवते."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. अर्थ कळला नाही की आपल्याकडे त्याला खोली म्हणतात. महाराज पूर्वी काय करत होते हेही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तसं विचारणं हे अंगात चकवा असल्याचं पहिलं लक्षण समजलं जाई.

मग परीक्षा झाली. शिष्यानं दुकानदाराच्या खांद्यावर टिचकी मारली. टिचकी बसली की गोदामाच्या मोठ्या दाराकडे बोट दाखवायचं, असा नियम होता. दुकानदारानं ठामपणे बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या मोडक्या वजनकाट्याकडे. झालं, निदान पक्कं. चकवा आहे, बैठका घ्याव्या लागतील. पहिल्या परीक्षेत दार बरोबर दाखवणारा माणूस महाराजांना अजून भेटायचा होता. ज्यांचं दुकान चालत नव्हतं, ज्यांचा मुलगा अभ्यास करत नव्हता, ज्यांचा जावई मुलीला माहेरी पाठवायची धमकी देत होता, त्या सगळ्यांना चकवाच निघाला होता.

पण बैठका पूर्ण केलेली माणसंही तिथं होती, आणि खरा चमत्कार तोच होता. शेवटच्या बैठकीत तीच पट्टी, तीच खुर्ची, तेच फिरवणं. फक्त कान शुद्ध झाले म्हणून कापूस काढायचा. खुर्ची थांबली की माणूस धनुष्यातून सुटल्यासारखं दाराकडे बोट दाखवी. डोळ्यांवर पट्टी बांधून अचूक दार! त्यावर "दिशा मिळाली" असा गजर होई आणि बायका डोळे पुसत.

मागच्या रांगेत भूगोलाच्या बाई बसल्या होत्या. डोळे त्यांनीही पुसले होते, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या शेजारी त्यांचे वडील बसले होते.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. सगळी हयात अँब्युलन्स चालवलेला माणूस. शहरातला एक बोळ असा नव्हता, जो अण्णांना ठाऊक नाही. कुठल्या गल्लीत गाडी वळेल, कुठल्या पुलाखालून छत घासेल, शाळा सुटायच्या वेळी कुठला रस्ता टाळायचा, सगळं डोक्यात. घरात एकच कडक नियम होता, की रस्ता विचारायचा नाही. "रस्ता विचारतो तो ड्रायव्हर नव्हे, प्रवासी," असं ते म्हणत. लहानपणी बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी भर उन्हात तासन्‌तास भटकले होते, पण अण्णांनी गाडीची काच खाली केली नव्हती.

आणि हेच अण्णा अलीकडे भाजी आणायला गेले आणि घरी आले नाहीत. शेजारच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले सापडले. "जरा बसलो होतो," म्हणाले. पण बाईंनी त्यांचे डोळे पाहिले होते. ते घर शोधून दमले होते. त्यानंतर शर्टाची बटणं चुकायला लागली, सकाळी डोकं दुखायला लागलं, आणि चालताना डावा पाय फरशीवर घासत येऊ लागला.

बाई म्हणाल्या, डॉक्टरकडे जाऊ. अण्णा म्हणाले, डॉक्टर म्हातारपण म्हणेल आणि गोळ्या देईल. धाकटा तर त्याहून पुढे होता. अण्णा त्याच्याकडे राहत, आणि महाराजांकडे त्यांना त्यानंच आणलं होतं. एरवी पंचांगाकडे ढुंकूनही न बघणारा, मोटारीचे सुटे भाग विकणारा हा मुलगा एकाएकी इतका भाविक कसा झाला, हे बाईंना कोडं होतं. महाराजांची अट अशी होती, की बैठका संपेपर्यंत डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही आणि डोक्यावर कुठल्या यंत्राची नजर पडू द्यायची नाही, नाहीतर चकवा आतच गोठतो. बाई त्याच्या घरी जाऊन भांडल्या, तेव्हा धाकटा त्यांच्याकडे न पाहता एवढंच म्हणाला, "ताई, चकवाच आहे तो. दुसरं काही नाही." हे तो ज्या घाईनं म्हणाला, ती बाईंच्या मनात रुतून बसली.

अण्णांना मात्र महाराज आवडले होते, आणि त्याचं कारण साधं होतं. तुमची चूक नाही, असं त्यांना सांगणारा तो एकटाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी विज्ञानाच्या सरांना गाठलं. सर आधी हसले, मग गंभीर झाले, आणि मग म्हणाले की आपल्या शाळेत फिरती खुर्ची एकच आहे. ती हेडसरांची होती. हेडसर बाहेर गेले होते, तेवढ्यात दोघांनी त्यांच्या केबिनचा ताबा घेतला. बाईंनी डोळ्यांवर ओढणी बांधली, कानांत कापूस घातला, आणि सरांनी खुर्ची फिरवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा फिरणं स्पष्ट कळत होतं. मग ते मंदावलं, मग थांबलंच. आता सर का थांबले, असं बाईंना वाटलं. आणि पाठोपाठ खुर्ची उलट्या दिशेनं गरगरू लागली. "सर, उलटं का फिरवताय?" असं बाई ओरडल्या आणि त्यांनी ओढणी खेचून काढली. सर खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते. खुर्ची हलत नव्हती. दारात हेडसर चहाचा कप घेऊन उभे होते.

आता काही खरं नाही, असं बाईंना वाटलं. पण हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं, कप टेबलावर ठेवला आणि स्वतःच खुर्चीत बसले. तेही उलटे फिरले. मग मैदानाकडे बोट दाखवा म्हटल्यावर त्यांनी अत्यंत अधिकारानं फायलींच्या कपाटाकडे बोट दाखवलं. हेडसरांचं आयुष्यात पहिल्यांदाच चुकलेलं तोवर दारात जमलेल्या सगळ्या स्टाफनं पाहिलं, आणि त्या दिवशी शाळेत फार आनंदाचं वातावरण होतं.

सरांनी मग हेडसरांचाच कप उचलला. "हे बघा. कप फिरवला की चहा आधी जागेवर राहतो. फिरवत राहिलात की चहाही कपाबरोबर फिरायला लागतो. आणि कप थांबवला तरी चहा फिरतच राहतो. आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या आहेत, त्यांत असंच पाणी आहे. ते पाणी सरकलं की मेंदूला कळतं, डोकं वळलं. खुर्ची एका चालीनं फिरत राहिली की पाणीही तिच्या चालीनं जातं, मेंदूला वाटतं आपण थांबलो. खुर्ची थांबली की पाणी पुढं सरकतं, मेंदूला वाटतं आपण उलटे फिरतोय. चकवा कानात आहे, टाळूवर नाही."

मग बोट का चुकतं, असं बाईंनी विचारलं. त्याचं सरांनी आणखी खुलवून सांगितलं. मेंदूत दिशा धरणाऱ्या पेशी असतात. आपलं तोंड एका बाजूला असलं की काही पेशी जाग्या होतात, वळलं की दुसऱ्या. जागा ओळखणाऱ्याही वेगळ्या असतात. या कोपऱ्यात ही पेशी बोलते, त्या दारात ती. डोळे बंद असले तरी मेंदू पावलं आणि वळणं जोडत हिशोब ठेवतोच, पण त्यात चुका साचत जातात. म्हणून तो अधूनमधून ओळखीची खूण शोधतो. एखादं झाड, एखादा आवाज, काहीही. खूण मिळाली की हिशोब पुन्हा जागेवर येतो. डोळे बांधा, कान बुजवा, अंगाला खोटं फिरवा, की हिशोब चुकतोच. कुणाचाही चुकतो.

"म्हणजे धुक्यात गाडी चालवल्यासारखं," बाई म्हणाल्या. अण्णा सांगत, की धुक्यात वळणं मोजत जायचं, आणि ओळखीचा पंप दिसला की मनातला नकाशा नीट करून घ्यायचा.

एवढं कळलं तरी एक गाठ सुटत नव्हती. बैठका झालेली माणसं दार अचूक कशी दाखवत होती? त्या संध्याकाळी बाई पुन्हा गोदामात जाऊन बसल्या, आणि यावेळी त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. मग त्यांना हसू आवरेना, ते ओढणीत लपवावं लागलं. दाराशी जुना लोखंडी उभा पंखा होता. तो असा खडखडत होता की त्याच्याजवळच्या बायकांना एकमेकींच्या कानात ओरडावं लागत होतं. डोळे मिटूनही दार कुठं आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. फक्त कानांत कापूस नको. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

आता प्रश्न सांगायचा कसा हा होता. शांतपणे समजावून सांगावं, तर अण्णा ऐकणार नव्हते. महाराजांविरुद्ध ओरडावं, तर भक्त अंगावर येणार होते. बाई वर्गात चाळीस पोरांना सांभाळणाऱ्या होत्या. गर्दी कशानं हलते ते त्यांना माहीत होतं.

पुढच्या बैठकीला अण्णांची पाळी होती. शिष्यानं हाक मारली. अण्णा उठले, डावा पाय घासत दोन पावलं चालले आणि चौथऱ्याऐवजी भिंतीकडे वळले. धाकट्यानं त्यांना धरून वळवलं. हे काम आता लांबवण्यात अर्थ नव्हता. बाई उठल्या आणि हात जोडून चौथऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"महाराज, एक विनंती आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "वडील घाबरलेत. आधी आपण स्वतः या खुर्चीत बसावं, म्हणजे ज्यांच्या अंगात चकवा नाही त्यांचं बोट कसं लागतं, ते आम्हा पामरांना बघायला मिळेल."

महाराजांनी स्मित केलं. त्याची गरज नाही, असं ते म्हणणार होते, पण तोवर उशीर झाला होता. गोदाम भक्तीनं पेटलं होतं. महाराज बसणार, महाराज दिशा दाखवणार! पुढच्या रांगेतल्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. दुकानदार सगळ्यांत जोरात ओरडत होता. भक्तांच्या प्रेमापुढं महाराजांचा नाइलाज झाला. देवाला नैवेद्य टाळता येतो, भक्तांचा हट्ट नाही.

पट्टी बांधली गेली. ती जरा सैल वाटते, असं बाई हळूच म्हणाल्या, तेव्हा एका भक्तिणीनं आपला रुमाल चौपदरी करून वरून बांधला. कापूसही बाईंनी प्रेमानं खोलवर घातला. शिष्यानं नाखुशीनं खुर्ची फिरवली, आणि सगळे बघत असल्यामुळे त्याला नेहमीसारखंच हळू, एका चालीत फिरवावं लागलं. खुर्ची थांबली. महाराजांचे हात नकळत खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले, जणू ती त्यांना उलटं नेत होती. खांद्यावर टिचकी बसली.

महाराजांनी उजवा हात उचलला आणि मोठ्या दिमाखात जुन्या पोत्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं.

कुणीतरी खोकलं. महाराजांनी पट्टी वर केली, पोती पाहिली, आणि ते क्षणभरही गडबडले नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

"आज तुमच्या सगळ्यांचे चकवे मी माझ्यावर घेतले," ते म्हणाले.

सुटकेचा निश्वास गर्दीतून वाऱ्यासारखा फिरला. अर्ध्या बायकांनी पुन्हा डोळे पुसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण एरवी म्हणतो, पण नाचणारा महाराज असला की अंगणालाच पाप लागतं. बाईंनी हे अपेक्षितच धरलं होतं.

"मग तो आता उतरवा ना, महाराज," त्या म्हणाल्या. "शेवटच्या बैठकीसारखं. कान उघडे ठेवून."

महाराजांचा चेहरा उजळला. ही त्यांची घरची परीक्षा होती. त्यांनी कापूस स्वतःच्या हातानं उपटून फेकला आणि पट्टी स्वतःच घट्ट बांधली.

खुर्ची फिरू लागली. बाईंनी मागं वळून धाकट्याकडे पाहिलं. तो पंख्याजवळच उभा होता. बाईंनी डोळ्यांनी पंखा दाखवला, आणि मग समोरच्या टोकाला, जिथं गोदामाची मुतारी होती, तिकडं. तोंडानं त्या काहीच बोलल्या नाहीत. धाकटा घामाघूम झाला होता. त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा चौथऱ्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. मग त्यानं पंखा दोन्ही हातांनी उचलला, लांबलचक वायर ओढत भिंतीकडेनं नेला आणि मुतारीच्या दारात ठेवला. सगळं गोदाम हे बघत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. शिष्य "महाराज" म्हणायला तोंड उघडणार तोच किराणा दुकानदारानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पैशाचा सौदा तपासून घ्यायची त्याची जुनी सवय जागी झाली होती.

खुर्ची थांबली. टिचकीची वाटही न पाहता महाराजांनी हात उंचावला.

"ही दिशा!" ते गरजले. "इथंच मोक्षाचं द्वार आहे."

बोट मुतारीकडे होतं. पंखा तिथं खडखडत होता.

पहिलं हसू अण्णांचं होतं. गेले कित्येक दिवस न हसलेला माणूस पायरीवर बसल्या बसल्या हसायला लागला आणि हसता हसता म्हणाला, "अरे, यानं तर गाडी मुतारीत लावली." मग सगळं गोदाम फुटलं.

बाई चौथऱ्यावर चढल्या. त्यांनी चहाच्या कपाचं सगळं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, आणि मग मखमलीचा कोपरा धरून ओढला. खाली सलूनमधली जुनी खुर्ची होती, पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीसकट. ज्यांना खात्री करायची त्यांनी घरी करून पाहावी, असं त्या म्हणाल्या. विश्वास ठेवा, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

सगळे पटले असं कुणी समजू नये. काही भक्त जाताना कुजबुजत होते, की मुतारीचीच दिशा दाखवण्यात काहीतरी गूढ असणार. महाराज मागच्या दारानं गेले. ते दार मात्र त्यांना पट्टी न बांधता बरोबर सापडलं.

गाडीत बसताना अण्णा थकले होते. "चल मास्तरीणबाई," ते म्हणाले. "कुठं न्यायचं तिथं ने." बाईंनी धाकट्याला मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. अण्णांनी आयुष्यभर पेशंट पोचवले ते हेच हॉस्पिटल.

मध्येच रस्ता खणलेला होता. वळसा घालून गाडी अनोळखी वस्तीत शिरली आणि एका तिठ्यावर थांबली. धाकट्यानं सवयीनं विचारलं, "अण्णा, डावं की उजवं?"

अण्णांनी बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "मला नाही आठवत रे."

बाईंना रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. मग धाकट्यानं खिडकीची काच खाली केली, आणि त्या घरातल्या माणसानं पहिल्यांदाच रस्त्यावरच्या भाजीवालीला विचारलं, "मावशी, मोठ्या हॉस्पिटलला कसं जायचं?" मावशीनं हातातली जुडी डावीकडे दाखवली आणि गाडी पुन्हा चालू लागली.

तपासणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. अण्णांना चालायला लावलं, बोटं दाबायला लावली, डोळ्यांत उजेड टाकला. मग विचारलं, "काका, गेल्या काही आठवड्यांत डोक्याला काही लागलं होतं का?"

"नाही," अण्णा ताठ होत म्हणाले.

"लागलं होतं," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. दुकानाचा माल उतरवताना त्यानं गाडीची डिकी जोरात बंद केली, तेव्हा अण्णा खाली वाकलेले होते. डिकी कपाळाच्या वर लागली. टेंगूळ आलं, रक्त आलं नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर डिकी आदळली म्हणून जुने सोबती हसतील, कुणाला सांगू नकोस, असं अण्णांनीच बजावलं होतं. त्यानं सांगितलं नाही. मग जेव्हा अण्णा गिरणीच्या पायरीवर सापडले, तेव्हा तो कुणीतरी दुसरं कारण सांगेल याची वाट बघत होता. महाराजांनी ते सांगितलं.

"चकवा असला, तर माझ्या हातून काही झालेलं नसतं ना, ताई," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता त्याच्यावर रागावण्यात काय अर्थ होता. गेले काही दिवस तो एकटाच मनात खुर्ची फिरवत बसला होता.

यंत्राची नजर अण्णांच्या डोक्यावर पडली. चकवा गोठला नाही. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त थेंबाथेंबानं साचत गेलं होतं आणि मेंदूला एका बाजूनं दाबत होतं, हे पडद्यावर दिसलं. म्हाताऱ्या माणसांत किरकोळ मारानंही असं होतं, आणि लक्षणं कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आणखी काही दिवस बैठकांत गेले असते तर काय झालं असतं, ते बाईंनी विचारलं नाही आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही. दोघींना ते ठाऊक होतं. त्याच दिवशी कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढून टाकलं.

दिशामहाराज मग या गावात दिसले नाहीत. खुर्ची मात्र त्यांच्या शिष्यानं टेम्पोत चढवून नेली, म्हणजे ती अजून कुठंतरी फिरत असणार. तुमच्या गावात आली तर एवढंच करा: कापूस नाकारा. जो माणूस तुम्हाला डोळे बांधायला, कान बुजवायला आणि प्रश्न न विचारायला सांगतो, तो वाट दाखवायला आलेला नसतो. आणि डॉक्टरकडे जाऊ नकोस, असं कुणी म्हणालं, तर आधी तिकडंच जा.

अण्णांचं सगळं परत आलं असं नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं, आणि काही गल्ल्या अजून त्यांच्या डोक्यात आल्या नाहीत. पण पाय घासायचा थांबला आणि बटणं बरोबर लागू लागली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी ते पट्टी बांधलेल्या डोक्यानं कॉरिडॉरमधून फेरी मारत होते. बाई आणि धाकटा मागून येत होते. या इमारतीत अण्णांनी हजारो पेशंट आणले होते, पण आत मजल्यावर ते कधी फारसे आले नव्हते. एका वळणावर ते थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. धाकटा पुढं सरसावला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

समोरून एक नर्स येत होती. अण्णांनी घसा साफ केला.

"सिस्टर," ते म्हणाले, "वॉर्डाकडे कसं जायचं? मला रस्ता माहीत नाही."

तिनं सांगितलं. अण्णांनी मान डोलावली, तिचे आभार मानले, आणि बरोबर वळणावर वळून वॉर्डात गेले.